शेवटचे प्यादे

सिंधूअक्का गेली तेव्हा आमच्या डावात चाल तिची होती.

ही गोष्ट तिच्या निधनवार्तेत आली नाही. ती वार्ता मीच लिहिली होती. नाव, वय, गाव, मागे पती, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार, आणि शेवटी दौंडच्या पत्रकार भावाचा उल्लेख. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या माणसाला अशा चार ओळींत काय मावते हे ठाऊक असते. न्हावऱ्याची एक बाई गोठा आणि कांदा सांभाळून रोज मोबाइलवर बुद्धिबळ खेळत असे, हे त्यांत मावत नाही.

फोन सकाळी आला तो दाजींचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा. दाजी आपण होऊन फोन करणारे नव्हेत. काही कळवायचे असले तर ते अक्काला सांगत आणि अक्का मला. पडद्यावर त्यांचे नाव दिसले तेव्हाच अर्धी बातमी कळली होती. “भाऊ, निघा तुमी,” एवढेच ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, “सावकाश या.” अक्का डेअरीवर दूध घालून आली, चपला काढायला पायरीवर टेकली, आणि उठलीच नाही. शिरूरला दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी फक्त नाडी पाहिली.

दौंडहून न्हावऱ्याला जाताना गाडीत मोबाइल हातात होता आणि त्यावर आमचा डाव उघडा होता. माझी चाल आदल्या संध्याकाळची. खाली ओळ होती की प्रतिस्पर्ध्याच्या चालीची वाट पाहत आहोत. आम्ही खेळायचो त्या प्रकारात समोरासमोर बसावे लागत नाही. एकाने चाल करायची, दुसऱ्याने सवडीने उत्तर द्यायचे. एका चालीला तीन दिवसांची मुदत. मुदतीत चाल आली नाही तर डाव समोरच्याला बहाल होतो. या डावात माझ्याकडे राजा आणि एक प्यादे एवढेच उरले होते. अक्काकडे राजा, हत्ती आणि घोडा. ती जिंकत होती, यात शंका नव्हती. आणि तीन दिवसांनी तोच डाव माझ्या नावावर लागणार होता.

आमचे माहेर इनामगाव. घोडनदीच्या काठचे ते जुने टेकाड उकरून पुरातन वस्ती शोधली गेली, तेव्हा आमचे वडील, आबा, तरुणपणी तिथे मजुरीला होते. घराच्या पडवीतल्या शहाबादी फरशीवर त्यांनी खिळ्याने बुद्धिबळाचा पट कोरून घेतला होता. मोहरे लाकडी, पण त्यातला एक काळा हत्ती कधीतरी हरवलेला. त्याच्या जागी टेकाडाजवळच्या शेतात सापडलेली एक जाड खापरी ठेवलेली असे. नव्याने खेळायला आलेल्या माणसाला ती खापरी हत्ती आहे हे आधी सांगावे लागायचे. त्या खापरीने मात झालेली माणसे पुन्हा आमच्या पडवीकडे लवकर फिरकत नसत.

आबांनी आम्हां दोघांनाही शिकवले. मी लक्ष दिले नाही, अक्काने दिले. आबांचा खेळ जुन्या देशी रीतीचा होता. त्यात प्यादे नेहमी एकच घर चालते, पहिल्या चालीलाही. राजाला एकदाच, तोवर शह बसलेला नसेल तर, घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादे पलीकडे पोहोचले तर ते ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोहोचले तेच होते. उंटाच्या रांगेत उंट, घोड्याच्या रांगेत घोडा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे समोरच्याचे शेवटचे प्यादे मारायचे नाही. राजा एकटा पडला की आबा त्याला बुर्ज म्हणत. बुर्ज झाला की डाव फुकट, बरोबरी. म्हणून ते शेवटचे प्यादे जिवंत ठेवून, त्याला सांभाळून, मग राजाला मात द्यायची. आबा हे नियम म्हणून सांगत नसत. ते म्हणत, “राजाला एकटा पाडून मारायचं न्हाई. एक मानूस त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्यायचा.” त्यांची आणखी एक सवय होती. डाव संपला की पुन्हा सगळे मोहरे मांडून ठेवल्याशिवाय ते पटावरून उठत नसत, मग दुसरा डाव चार दिवसांनी का होईना. रिकामा पट त्यांना बघवत नसे.

अक्काचे लग्न न्हावऱ्याला झाले. अंतर फार नाही, पण तिथे पट नव्हता. सासरी पुरुष पत्ते खेळत आणि बायका खेळत नसत. आबा गेल्यावर माहेरच्या भांड्याकुंड्यांतले काय हवे असे तिला विचारले, तेव्हा तिने फक्त ती खापरी मागितली. भावकीतल्या एका चुलतीने तिला त्यावरून वेड्यात काढले होते. पुढची कित्येक वर्षे ती खापरी स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीला टेकून होती.

मोबाइल आला तो लॉकडाऊनच्या दिवसांत. तिचा मुलगा संतोष सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. तो तिथे अडकला आणि आईचे तोंड दिसावे म्हणून त्याने कोणाबरोबर तरी तिला टच स्क्रीनचा फोन पाठवला. बुद्धिबळाची साइट मी लावून दिली, फोनवरूनच, एकेक बटण सांगत. नाव टाकून झाले. फोटो म्हणून तिने स्वतःचा नको, चांदीचा लावला. चांदी ही तिची गाय. पुढे जगभरच्या माणसांवर एका जर्सी गायीने मात केली, ती अशी.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, फोन बिघडलाय म्हणून. राजाला उडी मारता येत नव्हती. ती राजावर बोट ठेवून घोड्याचे घर दाबायची आणि राजा जागचा हलायचा नाही. मला विचारण्याआधी ती दाजींच्या गाडीवर बसून शिरूरला अर्धे शटर उघडलेल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन आली होती. टच गेलाय, एवढेच तिने दुकानदाराला सांगितले. त्याने पडदा पुसला, तपासला, काचेवरचा कागद बदलला आणि सांगितले की टच ओके आहे. घरी येऊन पाहते तर राजा अजूनही उडी मारेना. तिकडच्या खेळात राजाला उडी नसते, हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग त्यो राजा कशाचा… निस्ता बसून खानारा.” पुढे घरात कोणतीही वस्तू चालेनाशी झाली, पंप असो की मिक्सर, की दाजी गंभीर चेहऱ्याने म्हणत, “टच गेलाय.”

प्याद्याची दोन घरांची पहिली चाल तिने मान्य केली नाही. करता येते हे कळले होते. केली मात्र नाही. का, असे एकदा विचारले. ती म्हणाली, “नवी सून उंबऱ्यातून आत आली न्हाई तवर देव्हारा पुसाया लागली, तसं हाय ते.” त्यामुळे तिचे डाव फार हळू उघडायचे. वजिरापुढचे प्यादे एक घर, मग राजापुढचे एक घर, मग दोन्ही घोडे. समोरचा माणूस अर्ध्या पटावर पसरलेला असायचा आणि अक्का अजून अंगण झाडत असायची. बघणाऱ्याला ती हरणार असे वाटे, आणि सुरुवातीला ती हरतही असे.

सगळ्यांत मोठी हार मात्र शेवटच्या प्याद्याने दिली. एका परक्या खेळाडूशी ती स्वच्छ जिंकत होती. त्याचे एकच प्यादे उरले होते आणि ते उंटाच्या रांगेत पुढे सरकत होते. तिने ते मारले नाही, कारण मारायचे नसते. अडवलेही नाही, कारण पोहोचले तरी त्याचा उंटच होणार आणि उंट काय करणार. ते पोहोचले आणि वजीर झाले. पुढच्या काही चालींत डाव गेला. तिने मला कामाच्या वेळेत फोन केला, जे ती कधी करत नसे. समोरच्याने लबाडी केली, असे तिचे म्हणणे होते. “उंटाच्या घरात वजीर आलाच कसा? बाळ्या, तू पेपरात हायस ना, कुनाला तरी ईचार की.” लबाडी नव्हती, नियमच तसा आहे, हे तिला पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा डाव लावला.

प्रगती तिथून सुरू झाली. मी तिचे जुने डाव आता पुन्हा पाहिले आहेत. साइटवर ते सगळे असतात. पहिले वर्ष पराभवांचे आहे. मग राजाला कोपऱ्यात हत्तीआड नेणारी चाल दिसू लागते, जिला ती दार लावून घेणे म्हणायची. पण ती चाल ती उशिरा करायची, संकट अंगणात आल्यावर. दुसऱ्या वर्षापासून घोडे बोलू लागतात. वजिराची तिला फारशी ओढ नव्हती. संधी मिळताच ती वजिराला वजीर देऊन टाकायची आणि पट मोकळा करायची. कमी मोहऱ्यांत तिला दिसायचे ते समोरच्याला दिसत नसे. रेटिंगचा आकडा हजाराच्या वर गेला तेव्हा तिने दाजींना सांगितले, आणि दाजींनी विचारले की लिटर का किलो. ही गोष्ट तिने मला तीनदा तरी सांगितली असेल.

झटपट डाव मात्र तिला कधी जमले नाहीत. दहा मिनिटांच्या डावात मध्येच तव्यावरची भाकरी उलटायची असे. “घड्याळ लावून काय खेळायचं? आपल्याला काय यष्टी धरायचीय?” तिने मुदतीचेच डाव खेळायचे ठरवले. समोरच्या माणसाला न पाहता ती त्याची कुंडली मांडायची. वजीर लगेच बाहेर काढणारा रागीट. त्याच्याशी घरात कोणी बोलत नसणार. प्रत्येक प्याद्यासाठी भांडणाऱ्याचे शेत भावकीच्या बांधाला लागून असणार. डाव संपला की लगेच ‘पुन्हा खेळू’चे बटण दाबायचे, हरो वा जिंको, हा तिचा शिरस्ता होता. माझ्याशी तर नेहमीच. डाव संपल्याची सूचना आणि नव्या डावाचे आमंत्रण एकाच वेळी येई.

परक्यांचे शेवटचे प्यादे ती पुढे पुढे मारू लागली. आबांची रीत त्यांना ठाऊक नाही तर ती पाळून उपयोग काय, असा तिचा साधा हिशेब होता. माझे मात्र तिने कधी मारले नाही. ती घोडा आणून त्या प्याद्याच्या नाकासमोर उभा करायची, म्हणजे प्यादे हलायचे बंद, आणि मग निवांतपणे माझ्या राजाच्या मागे लागायची. तिच्या भाषेत, घोडा म्होरं बांधून ठेवायचा. अशा अवस्थेत मी किती डाव हरलो ते मोजलेले नाही.

दौंड आणि न्हावरे यांत अंतर थोडे आहे आणि कारणे पुष्कळ असतात. भेटी कमी झाल्या. डाव मात्र सलग चालू राहिला. ती चालीसोबत कधी मजकूर लिहीत नसे, पण चालींच्या वेळांवरून तिच्या घरचे कळायचे. कांदा काढणीला चाली रखडत. संतोषच्या बायकोच्या बाळंतपणात पूर्ण तीन दिवस घेऊन, मुदतीच्या टोकाला एक चाल आली होती. चांदी आजारी होती तेव्हा तिने एक हत्ती उगाचच गमावला. शेवटच्या महिन्याभरात चाली एकदम भराभर येऊ लागल्या. दाजींनी नंतर सांगितले की तिला दम लागायचा, गोठ्यातले काम होईना, म्हणून ती खिडकीपाशी बसून राहायची. दवाखान्याचे नाव काढले की उन्हाळा संपू द्या म्हणायची.

शेवटची भेट त्याच महिन्यातली. एका कार्यक्रमाहून परतताना मी वाट वाकडी करून गेलो. मोबाइल खापरीला टेकवून ठेवलेला होता. तोच तिचा स्टँड. माझी एक चाल बाकी होती, तर तिने मला ती तिथे बसून करू दिली नाही. “घरी जाऊन कर. हितं चहा पी.” निघताना पायरीपर्यंत आली. उंबऱ्याला हात टेकून उभी होती. तिथून चाल लवकर पाठवायला सांगितले… तिने बजावलेले तेवढेच शेवटचे.

सावडून आल्यावर मंडळी अंगणात बसली होती. दाजी आत गेले, बाहेर आले आणि मला हाताने खूण केली. स्वयंपाकघरात खिडकीपाशी मोबाइल होता, चार्जिंगला लावलेला. तो त्यांनी पहिल्या दिवसापासून चार्ज करत ठेवला होता. म्हणाले, “हे सारखं वाजतंय. तिची चाल ऱ्हायलीय म्हनतंय.” मुदत त्या संध्याकाळी संपत होती.

मी त्यांना सांगितले ते असे. काही केले नाही तर डाव मला मिळेल. हत्तीने माझे प्यादे मारले तर मला हातपाय राहणार नाहीत, डाव लवकर संपेल, आणि तो तिने जिंकलेला असेल. त्यांनी टॉवेलला हात पुसले. मग विचारले, “तिनं काय केलं असतं?”

“घोडा.”

“म्होरं बांधला असता?”

“हो.”

“मंग त्योच.”

साइटच्या नियमात हे बसत नाही. खाते ज्याचे त्यानेच खेळायचे असते. हे मी त्यांना सांगितले नाही. इथे नोंदवतो आहे. मी बोटाने फक्त घर दाखवले, पडद्याला हात लावला नाही, कारण मी समोरचा खेळाडू होतो. दाजींचे बोट चिरांनी भरलेले, धारा काढून जाड झालेले. त्यांनी घोड्यावर ठेवले तर घोडा हलेना. पुन्हा ठेवले, पुन्हा हलेना. ते माझ्याकडे पाहत राहिले. टच गेलाय, हे आम्हां दोघांपैकी कोणीही म्हणाले नाही. तिसऱ्यांदा घोडा उचलला गेला आणि प्याद्यापुढे जाऊन बसला. माझ्या खिशात मोबाइल वाजला.

त्याला आता काही आठवडे झाले. डाव चालू राहिला. मी प्रत्येक चाल मुदतीच्या टोकाला केली. दाजी फोन करून विचारायचे, आता काय. मी तिने काय केले असते ते सांगायचो आणि ते करायचे. दोन्ही बाजूंनी एकच माणूस खेळत होता असे कोणी म्हणेल, पण ते पूर्ण खरे नाही. माझा राजा कडेला कोंडला गेला आणि पुढच्या चालीला मात दिसू लागली, तेव्हा मी हत्तीचे घर सांगितले. दाजी म्हणाले, आज नको. मात द्यायच्या आधी ती मोबाइल खाली ठेवायची, चहा टाकायची, त्यांना द्यायची, मग उचलायची. एवढी वर्षे तिच्याशेजारी चहा पीत बसलेल्या, प्याद्याची चालही न शिकलेल्या माणसाने हे पाहून ठेवले होते. मी कधी पाहिले नव्हते. मला फक्त मात पोहोचायची.

काल सकाळी ती पोहोचली, डेअरीच्या वेळेनंतर थोड्या वेळाने. हत्ती त्याच घरात. पडद्यावर तुम्ही हरलात असे आले. माझे प्यादे शेवटपर्यंत जागेवर होते, घोडा त्याच्यापुढे. मी बराच वेळ त्या पटाकडे पाहत होतो. आता तो मिटवायला हवा होता.

मी मोबाइल खाली ठेवण्याआधीच तो पुन्हा वाजला. चांदीचा फोटो, आणि खाली नव्या डावाचे आमंत्रण. मी स्वीकारले. पांढरी बाजू दाजींकडे गेली. मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. काय खेळायचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. थोड्या वेळाने चाल आली.

वजिरापुढचे प्यादे. एकच घर.